मराठीत अठ्ठावन्न

नैनाला मराठीत अठ्ठावन्न मार्क मी दिले. दुसरं कोण देणार? अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावात मराठीचा पेपर काढणारी, तो तपासणारी आणि खाली लाल पेनाने सही ठोकणारी बाई मी एकटीच होते. वर्गात पोरगीही एकच, माझी स्वतःची.

सांगलीला अकरा वर्षं मी हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला. मुली मला घाबरायच्या, आणि ते बरंच होतं. संस्थेच्या चेअरमनच्या भाचीला चौतीसचे पस्तीस करा म्हणून हेडमास्तर स्वतः माझ्या टेबलाशी आले होते. नाही केले. म्हटलं, तुम्ही करा आणि खाली तुमची सही करा. मराठीच्या पेपरात पंचावन्नच्या वर मी आयुष्यात कुणाला दिले नाहीत. हात आखडता म्हणा, खडूस म्हणा, स्टाफरूममध्ये काय काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. पण मी दिलेला मार्क म्हणजे मार्क, तो हलायचा नाही, एवढं मात्र सगळे मानायचे.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये आम्ही इथे आलो. श्रीरंग चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, त्याचा व्हिसा एच-वन. मी त्याची बायको, म्हणून माझा एच-फोर. एच-फोरवर नोकरी करता येत नाही. शाळेत डबे वाटायची नोकरीसुद्धा नाही. पहिल्या वर्षी मी रडले, दुसऱ्या वर्षी भांडले, आणि तिसऱ्या वर्षापासून काही वाटेनासं झालं. दाढ काढताना भूल देतात ना, मग आपण जीभ लावून लावून बघतो, तसं मी अधूनमधून बघायचे. काही कळायचं नाही. मग उठून कपडे ड्रायरमध्ये टाकायचे.

आलो तेव्हा नैना नऊ वर्षांची होती. मराठी तिसरीपर्यंत झालेली, ती तिथेच थांबली. इथल्या शाळेत तिला सगळ्यात ए. वहीवर चमचमणारे स्टिकर, 'ऑसम', 'वंडरफुल'. आठवीत एकदा मी तिला म्हटलं, फ्रेंच राज्यक्रांती का झाली, दहा ओळी लिही. तिने एक पोस्टर काढून दाखवलं. छान होतं हो पोस्टर. दहा ओळी काही आल्या नाहीत.

शेजारी लोरेन राहायची. तिला सहा मुलं, आणि सहाही शाळेत न जाता स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून शिकायची. मी विचारलं, "परवानगी कुणाची घ्यावी लागते?" ती म्हणाली, कुणाची नाही, काउंटीच्या ऑफिसात एक नोटरी केलेला कागद द्यायचा, बास. मी तिला तीनदा विचारलं, खरंच ना? श्रीरंगने कंपनीच्या वकिलालाही विचारून घेतलं. वकील म्हणाला, पगार नाही ना, मग काही हरकत नाही. नैनाला मी शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला लागले.

मंडळातली विनीता मला दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, हे म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरल्यासारखं झालं! नापास पोरं भरतात ना, बाहेरून बसायला?" हसली सगळी. मीही हसले. घरी आले आणि दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आखलं. आठ चाळीसला प्रार्थना नाही, पण आठ पन्नासला पहिला तास. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला बरं वाटायचं.

नैनाला तेव्हाच पळायचं वेड लागलं. कालव्याच्या कडेच्या मातीच्या वाटेवर ती पहाटे पाचला जायची, कारण सातनंतर इथे रस्ता तव्यासारखा तापतो. लोरेननेच सांगितलं, की घरी शिकणाऱ्या मुलांनाही आपल्या भागातल्या सरकारी हायस्कूलच्या टीममध्ये खेळता येतं, तसा कायदाच आहे. आम्ही गेलो. कोचने तिला दोन मैल पळवलं, घड्याळाकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी टीमचा टीशर्ट दिला. त्या शाळेच्या वर्गात ती कधी बसली नाही, पण त्यांच्या पिवळ्या बसमध्ये मात्र बसायला लागली. पोरगी इतकी हसायची, की जेवताना तिला "आधी घास गीळ" म्हणून सांगावं लागायचं.

अट एकच. शाळेतल्या मुलांना जो नियम तोच हिला. कुठल्याही एका विषयात नापास, की पुढच्या रिपोर्टपर्यंत बाहेर. हिची शिक्षिका मी, म्हणून दर काही आठवड्यांनी मी लिहून द्यायचं, की ही सगळ्या विषयांत उत्तीर्ण होते आहे. एक वाक्य आणि सही.

सप्टेंबरमध्ये मी एक वाक्य दिलं. ऑक्टोबरात आमची सहामाही झाली.

हसू नका, खरीखुरी सहामाही घेतली मी. सहा विषय, सहा दिवस, जेवणाच्या टेबलावर. मी समोर खुर्ची टाकून बसायचे. पुरवण्या मागायला तिने हात वर करायचा. "बाई, सप्लिमेंट," असं ती मुद्दाम नाकातून म्हणायची, मला चिडवायला. बाकी पाच विषय काउंटीच्या यादीतले होते, मराठी कुणी मागितलं नव्हतं. सहावा विषय मी घातला. घरात शाळा आहे आणि मराठी नाही, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

निबंध दिला होता, पहाटेची वेळ. विषय किती शिळा आहे ते मला कळतं, पण शिळ्या विषयावरच पोरं ओळखू येतात. ऱ्हस्व-दीर्घाचा सगळा आनंद होता. 'कालवा' तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता. मध्येच एक वाक्य आलं, 'पळताना मला कोणती भाषा लागत नाही म्हणून मला ते आवडतं.' मी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं आणि पुढचं तपासलं. बेरीज झाली अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न! सांगलीच्या मुलींनी ऐकलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. मी नैनाला बोलावून सांगितलं, "हे बघ, मी आजवर कुणाला एवढे दिलेले नाहीत." ती म्हणाली, "सीरियसली? एव्हर?" मी म्हटलं, कध्धीच नाही. तिने तो पेपर स्वतःच्या खोलीत नेला आणि टेबलावरच्या बोर्डाला टाचणीने लावला.

आणि मग मी घोळ घातला. इतकं सगळं नीट झालंय, तर एका वाक्यावर कशी थांबणार मी? पट्टीने रेघा मारून गुणपत्रक केलं. विषय, पैकी, मिळालेले, शेरा. गणित ब्याऐंशी, विज्ञान चौऱ्याहत्तर, आणि सगळ्यात खाली, मराठी अठ्ठावन्न, शेरा: लक्षणीय. इंग्रजीत लिहिलं अर्थात. त्यावर सही केली आणि शुक्रवारी शाळेत नेऊन दिलं. नेताना खरं तर मी मिरवत होते. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी ऑफिसात माझ्या सहीचा कागद जात होता.

सोमवारी मिस्टर हॅन्सनचा फोन आला. ते शाळेचे खेळांचे प्रमुख. या म्हणाले.

माणूस सज्जन होता, हे आधी सांगते. टेबलावर माझं गुणपत्रक होतं, आणि अठ्ठावन्नभोवती पेन्सिलीने गोल. म्हणाले, "मॅम, साठच्या खाली आमच्याकडे एफ. नापास."

मी त्यांना समजावलं. आमच्याकडे पस्तिसाला पास. साठाला फर्स्ट क्लास. भाषेत अठ्ठावन्न म्हणजे काय, ते मी त्यांना माझ्या इंग्रजीत सांगितलं, घाम फुटेपर्यंत सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "मी विश्वास ठेवतो तुमच्यावर. पण गेल्याच आठवड्यात मी माझ्या एका मुलाला केमिस्ट्रीत एकोणसाठ पडले म्हणून टीमबाहेर बसवलं. त्याची आई इथेच, या खुर्चीवर रडली. घरी शिकणाऱ्या मुलीला मी अठ्ठावन्नवर पळवलं, तर त्या आईला काय सांगू?"

मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. खरं तर इतक्या मऊ आवाजात केलंही नसतं.

"नुसतं 'पास' असं लिहून दिलं तर?" मी विचारलं.

"मागच्या वेळी दिलंत तसं दिलं असतंत, तर मी विचारलंही नसतं. आता आकडा माझ्यासमोर आलाय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "शनिवारी राज्याची शर्यत आहे, वर्षातली शेवटची. गुरुवारी तीनपर्यंत वेळ आहे. तुम्ही शिक्षक आहात. पेपर पुन्हा एकदा बघा. दोनच पॉइंट तर आहेत."

नैनाला मी गाडीतच सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल, दार आपटेल. तिने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "ओके."

"एवढंच?"

"तू नाही बदलणार. आय नो यू, आई."

रात्री श्रीरंगने ऐकलं आणि पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "दे ना टाकून दोन मार्क. घरचंच तर आहे, यार. कोण बघतंय?"

मला त्याचा राग यायला हवा होता. घरचंच! पाच वर्षं जे काही करते ते घरचंच आहे, कुणी बघत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण राग आला नाही. मी त्याला अजून भाजी हवी का विचारलं. तो हो म्हणाला.

मंगळवारी नैना लोरेनकडे गेली असताना मी तिच्या बोर्डावरचा पेपर काढून आणला. फेरतपासणी. सांगलीत फेरतपासणीला आलेले पेपर मी दहा मिनिटांत हातावेगळे करायचे. यावेळी दोन तास बसले. दोन मार्क, फक्त दोन मार्क कुठे राहिलेत का, ते शोधत. व्याकरणात एक उत्तर अर्धवट बरोबर वाटलं, पण नव्हतं. पत्रलेखनात मायना चुकलेला. निबंधात तर मी आधीच हात सैल सोडला होता. उलट, वाक्प्रचाराच्या प्रश्नात एक चूक मी बघितलीच नव्हती. न्यायाने अर्धा मार्क कापायला हवा होता. पेपर परत नेऊन टाचणीने लावला.

बुधवारी पहाटे ती नेहमीसारखी पाचला उठली. मी म्हटलं, तुला पळायचं नाहीये ना या आठवड्यात? म्हणाली, "टीममध्ये आहे ना अजून." मी सोडायला गेले आणि गाडी लगेच वळवली नाही. कालव्याच्या कडेला सगळ्या मुली पळायला लागल्या. नैना पाण्याच्या मोठ्या पिंपापाशी उभी होती, हातात कोचचं घड्याळ. एकेक मुलगी आली की वेळ ओरडून सांगायची आणि कागदावर लिहायची. पाण्याचे कागदी पेले भरून ठेवायची. थंडीत तिचे पाय आपले आपण हलत होते, जागच्या जागी.

ते मला बघवलं नाही. मी एवढंच म्हणेन.

घरी येऊन नवीन कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या. गणित ब्याऐंशी, विज्ञान चौऱ्याहत्तर. मराठीपुढे साठ लिहिलं. मला वाटलं होतं, आता तरी काहीतरी वाटेल. चेअरमनच्या भाचीला एक नाही दिला आणि इथे दोन! काही झालं नाही. सही नेहमीसारखी आली, करायची तशीच, खाली रेघ मारून. अकराच्या आत मी तो शाळेत देऊनही आले. मिस्टर हॅन्सन म्हणाले, "थँक यू, मॅम. मला माहीत होतं, कुठेतरी सापडतील." मी मान हलवली. येताना दूध आणि कोथिंबीर घेतली.

शनिवारी शर्यत झाली. मोठं मैदान होतं, शेकडो मुली, प्रत्येक शाळेचा तंबू. टीमच्या पहिल्या पाच मुलींचे नंबर धरतात, आणि नैना पाचवी होती. शेवटच्या चढावर ती तिघींना मागे टाकून आली. श्रीरंग वेड्यासारखा ओरडत होता, "नैना, पळ! पळ!" आजूबाजूचे अमेरिकन त्याच्याकडे बघून हसत होते. मी टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. टीमचा राज्यात चौथा नंबर आला. कोचने तिला उचललं. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती दात दाखवत माझ्याकडे धावत आली.

"आई, आई! कोच म्हणाला तू माझा पेपर रीचेक केलास?"

"हो."

"कुठल्या प्रश्नात वाढले? निबंधात ना? मला वाटलंच होतं! तो शेवटचा पॅरा ना?" ती घामाने चिंब होती आणि खरंच तिला ते जाणून घ्यायचं होतं. शर्यतीपेक्षाही, मला वाटतं.

'निबंधात', एवढा एकच शब्द म्हणायचा होता. श्रीरंग माझ्याकडे बघत होता, म्हण, म्हण, असं डोळ्यांनी सांगत. पण मी आयुष्यात कुणाला पेपराबद्दल खोटं सांगितलेलं नाही. पोरीला कसं सांगू?

"कुठेच नाही वाढले," मी म्हटलं. "मी दोन तास शोधले. नव्हते."

"मग?"

"मग लिहिले. तुला पळायचं होतं."

तिचे दात दिसेनासे झाले. रागावली नाही ती. "सो यू जस्ट पुट इट," ती म्हणाली.

"हो."

"ओके." मग बुटाची नाडी सोडत म्हणाली, "थँक्स, आई." आणि मैत्रिणींच्या तंबूकडे गेली. श्रीरंग म्हणाला, "काय गरज होती गं?" मला तेव्हा लागलं. तेवढंच, तंबूपर्यंत ती चालत जाईपर्यंत. मग उन्हात उभं राहून डोकं दुखायला लागलं, आणि ते लागलेलं राहिलं नाही.

सोमवारी आठ पन्नासला आम्ही टेबलाशी बसलो. पहिला तास मराठीचा. मी विषय दिला, चाळीस मिनिटं दिली आणि समोर खुर्चीवर बसले. तिने सात-आठ मिनिटं लिहिलं. अर्धं पान झालं. टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"अजून वेळ आहे," मी म्हटलं.

"झालं." आवाजात चीड नव्हती, तोरा नव्हता. रात्री काय जेवायला करू विचारल्यावर 'काहीही' म्हणते ना, तसा होता. "तू टाक ना, जेवढे लागतात तेवढे."

ती विज्ञानाचं पुस्तक आणायला खोलीत गेली. मी लाल पेन उघडलं. तिच्या अर्ध्या पानाची पहिली ओळ वाचायला घेतली आणि मग नाही वाचली. वर कोपऱ्यात पासष्ट लिहिले आणि सही केली.